पाठीमागून मारलेल्या हाका

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. एका म्हातारीच्या डाव्या कानात, अगदी आतल्या बाजूला माझा मुक्काम असतो. गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी, नळीत पाणी, आणि भिंतीला चिकटलेली मी. इथे उजेड नाही, वारा नाही, आणि आता शेजारपाजारही फारसा उरलेला नाही. मला शब्द कळत नाहीत, पाण्यातली लाट तेवढी कळते. घरात कोण काय बोललं हे डोक्याकडून येणारं रक्त मला सांगतं, आणि तेही मालकिणीला समजलं असेल तेवढंच.

माझा जन्म हाडाच्या पोकळीत झाला. माझ्या बहिणी फुप्फुसात गेल्या, यकृतात गेल्या, माझ्या वाट्याला कान आला. झाडलोट, पहारा आणि मेलेल्यांची विल्हेवाट ही तिन्ही कामं माझ्याच गळ्यात पडली. पूर्वी जाणती माणसं तर म्हणायची की कानाच्या आत पहारेकरी नसतातच. घ्या, मरमर राबा, आणि वर तुम्ही नाहीच म्हणे!

या नळीत केसपेशींची रांग असते. आवाज लाट होऊन आला की त्यांचे केस डुलतात आणि त्या मेंदूला वर्दी देतात. दाराजवळच्या केसपेशी बारीक आवाज झेलतात, आतल्या टोकाच्या जाड आवाज झेलतात. दाराजवळच्या बिचाऱ्या सहसा आधी जातात, आणि एकदा गेलेल्या केसपेशीच्या जागी दुसरी येत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आमची मालकीण कापडगिरणीत मागावर होती. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यांची खडखड अशी की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथे सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचत. माग दुरुस्त करणाऱ्या फिटरशी तिचं जमलं तेही असंच. मागखात्याच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो, आणि मधल्या गोंगाटात दोघांच्या खुशाल गप्पा चालत. पुढे लग्न झालं, लेक झाली, तरी ही सवय सुटली नाही. लेकीलाही लहानपणापासून आईच्या समोर येऊनच बोलायचं वळण लागलं.

त्या वर्षांत मी रोज मेलेल्या केसपेशी उचलत होते. मालकिणीने काम सोडलं तेव्हा वाटलं, आता तरी उसंत मिळेल. कसलं काय! म्हातारपण आलं आणि शांत घरातही केसपेशी मरतच राहिल्या. मीही बदलले. तरुणपणी माझे हात लांब होते, त्यांनी चाचपून मी शेजाऱ्यांची खबरबात ठेवायचे. आता हात आखडले आणि मी गोळा होऊन बसले. आम्ही पहारेकरणी हल्ली एवढ्यातेवढ्यावरून चवताळतो, आणि त्या धुमसण्यात धडधाकट पेशीही होरपळतात. मला याचं फार वाईट वाटतं.

फिटर छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याचा आवाज पातळ होऊन गेला. त्याची खाट स्वयंपाकघराच्या दारासमोर आणून ठेवली. त्याने नुसते ओठ हलवले की मालकीण पाणी घेऊन हजर होई. येणारे-जाणारे कौतुक करत.

लेकीला मात्र शंका आली. दारावरची घंटा वाजली तरी आई जागची हलत नसे.

"आई, एकदा कान दाखवून ये."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

मग लेकीने परीक्षा घेतली. ती आईच्या पुढ्यात बसली आणि पुटपुटली, "आज भाजी अळणी झालीय."

"तू केलीस ना, मग होणारच," मालकीण म्हणाली.

फिटर हसला. "हिचे कान तिखट आहेत गं. उगाच तिच्या मागे लागू नकोस."

लेकीचं समाधान झालं. मी आत बसून चरफडत होते. बाई गं, तोंडावर पदर घे आणि मग विचार. पण माझं ऐकतो कोण?

एका दुपारी मालकीण ओट्यापाशी भांडी पुसत होती. तिची पाठ खाटेकडे होती. एक बारीक लाट आत आली. फिटरच्या आवाजाची लाट मी ओळखते. नळीच्या दाराजवळ ती झेलायला कोणी केसपेशी उरली नव्हती. लाट तशीच विरली. पुन्हा आली, पुन्हा विरली. मग बराच वेळ येत राहिली. मी काय करणार होते? मला ना तोंड, ना मेंदूकडे जाणारी वाट. शेवटी जमीन हादरली, तो हादरा मालकिणीच्या पायांना कळला आणि ती वळली. तो खाटेवरून खाली पडला होता.

त्यातून तो उठला नाही. जाण्याआधी त्याने तिला विचारलं, "एवढ्या हाका मारल्या. रागावली होतीस का माझ्यावर?"

हे तिने ओठांवरून बरोबर वाचलं.

"तुम्ही हाक मारलीच नाहीत हो. मी तिथेच तर होते."

मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तिकडे बघत आणखी काहीतरी बोलला. लाट माझ्यापर्यंत आली. मालकीण त्याचे पाय चेपत बसली होती.

मित्रांनो, गोंगाटात काम करत असाल तर कान झाका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा पाठीमागून हाक मारून बघा. ओ आली नाही तर रुसू नका, त्याला डॉक्टरकडे न्या. आमच्या मालकिणीला लेकीने नेलं, पण सगळं आटोपल्यावर. आता ती कानात यंत्र लावते. पंख्याची घरघर ऐकू येते, शेजारच्या घरात पडलेला चमचा ऐकू येतो. परवा ती लेकीला म्हणाली, "त्यांनी खरंच हाका मारल्या होत्या गं."