वाजवू नका, सोडा!

मी एक जुना स्पायरोमीटर आहे. घाबरू नका, नाव जड असले तरी काम सोपे! माझ्या नळीत कुणी फुंकले की त्याच्या फुप्फुसात किती दम आहे, ते मी कागदावर रेघ काढून दाखवतो. नवा होतो तेव्हा माझा काय तोरा! मोठे डॉक्टरही माझी रेघ पाहिल्याशिवाय छातीला सुरी लावत नसत.

मित्रांनो, एकदा ऑपरेशनआधी माझ्याकडे दोघे आले. एक शाळेतल्या बाई, दुसरे बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे काका. दोघांच्याही फुप्फुसाचा गाठ असलेला तुकडा काढायचा होता. बाईंचे ऑपरेशन बारीक छिद्रांतून, दुर्बिणीने झाले. काकांची गाठ अडचणीच्या जागी, म्हणून त्यांची छाती उघडावी लागली.

पुढच्या तपासणीला बाईंची रेघ झरझर वर चढली. काकांची मात्र रांगतच राहिली.

"ट्रम्पेट पुतण्याला देऊन टाकतो," काका म्हणाले. "आता आपल्याच्याने होणार नाही."

मला वाईट वाटले, पण मी पडलो यंत्र. येईल तेवढेच दाखवणार.

तपासणीच्या ताई म्हणाल्या, "मोठ्या जखमेला वेळ लागतोच, काका. पण इतकं कमी? पुन्हा फुंका बरं."

काकांनी फुंकले. दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी कपाळावर हात मारला.

"अहो ताई, हे फुंकत नाहीयेत, वाजवतायत! दम कमी पडला की हे असाच पुरवून पुरवून सोडतात."

"मग? सगळा एकदम सोडला तर सूर टिकणार कसा?" काका म्हणाले.

ताईंना हसू आवरेना. "इथे सूर नको, काका! वाजवू नका, सोडा!"

"माझ्यावर ओरडता ना, तसा सोडा," काकू म्हणाल्या.

काकांनी जखमेला आधार म्हणून छातीशी उशी दाबून धरली आणि असा काही श्वास सोडला, की रेघ टुणकन वर गेली. बाईंच्या रेघेइतकी नाही, पण गेली. काकू पिशवीत रुमाल शोधू लागल्या. पुढच्या काही महिन्यांत ती रेघ हळूहळू आणखी वर सरकली.

आता माझ्या जागी मुठीत मावणारे नवे यंत्र आले आहे. मी खिडकीजवळच्या कपाटावर धूळ खात पडलो आहे. कुणी फडके फिरवले तर बरे वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी एक करा. कुणाची रेघ खाली आली, तर लगेच त्याला कमी लेखू नका. तो कसा फुंकतो आहे, ते जरा बघा.

परवा खालच्या रस्त्याने एक बँड गेला. ट्रम्पेटचा सूर मध्येच थांबला, वाजवणाऱ्याने दम घेतला आणि सूर पुन्हा लागला. मी लगेच ओळखले. श्वास पुरवून पुरवून सोडला जात होता.