केक कुणी कापायचा

“साखरेचा थर वितळतोय, आणि वर म्हणे जरा लवकर ये!” नायरी माझ्या कानाशी पुटपुटली. हातात केकचं ताट, आणि बाहेर ॲडलेडचा फेब्रुवारी नुसता भाजून काढत होता.

आमच्या गणित विभागाची रीत साधी. ज्याचा शोधनिबंध स्वीकारला गेला, त्यानं केक आणायचा, त्यानंच कापायचा. आज मान प्रोफेसर लाक्लनचा. त्याला केक जमत नाही, म्हणून त्यानं नायरीला सांगितलं होतं.

“तू हो का म्हणालीस?” मी विचारलं. मी विभागाच्या ऑफिसात असते.

“पुढच्या सत्राचे तास तोच वाटतो ना, बाई.”

केस पांढरे झाले तरी नायरीला कायमची नोकरी नाही, तासांच्या पैशांवरच शिकवते. घरी जेवणाच्या टेबलावर ती दोरीला गाठी मारते आणि त्या दोरीला कापड शिवते. दोरी म्हणजे कापडाची कड. पण कापड असं पिळून शिवायचं, की मुंगी कड न ओलांडताच मागच्या अंगाला पोचली पाहिजे. अशा कापडाला पिळाच्या पट्ट्या कमीत कमी किती लागतात, हा तिचा गणितातला प्रश्न. गाठींच्या एका अख्ख्या कुळासाठी तिनं ते सिद्ध केलं आणि लाक्लनला ‘जरा बघ’ म्हणून वाचायला दिलं. निबंध स्वीकारला गेला तो त्याच्या एकट्याच्या नावावर. नायरी शेवटी, आभारात : ‘नमुने शिवून दिल्याबद्दल’.

शिवून दिल्याबद्दल!

चहाच्या खोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे क्रिकेटवर बोलत होते. दुसऱ्याच्या स्वल्पविरामावरून भांडणारा म्हातारा ॲम्ब्रोज खिडकीतून निलगिरीचं झाड न्याहाळत होता. माझं डोकं तापलं होतं, आणि मी स्वच्छ बशा पुन्हा पुसत होते.

नायरीनं केकशेजारी ठेवलेली तिची एक कापडी गाठ लाक्लननं उचलली. हिरवं कापड, नायरीच्या मुलीच्या शाळेच्या जुन्या गणवेशाचं.

“हे माझं पिल्लू! आणि केक काय झालाय, वा! नायरीसाठी तरी वर्षाला एक सिद्धान्त काढायला हवा.”

दोघंतिघं हसले. त्यानं सुरी घेतली. नायरीनं ताट आपल्याकडे ओढलं.

“अगं, कापू दे की. ज्याचा निबंध त्यानं कापायचा, रीतच आहे.”

“माहीत आहे. सुरी दे.”

“नायरी,” तो हसतच, आवाज उतरवून म्हणाला, “तास अजून ठरायचेत.”

क्रिकेट थांबलं. ॲम्ब्रोजनं खिडकीकडे पाठ केली.

“ठरव,” नायरी म्हणाली. तिचा हात पुढे झाला, बोटांना साखर लागलेली. “सिद्धान्त माझा आहे, लाक्लन. सुरी दे.”