भेग चालू की बंद

घर मोजायला दोन माणसं लागतात. एकानं टेपचं टोक भिंतीला लावून उभं राहायचं, दुसऱ्यानं चालत जाऊन आकडा वाचायचा. सुगतकडे दुसरा माणूस नव्हता. होता, पण तो मागच्या उन्हाळ्यात बुटीबोरीला कंपनीत लागला. ऑफिसच्या मालकांनी त्याच्या जागी लेझरचं यंत्र आणलं आणि ते महाग म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलं. त्यामुळे बँकेसाठी घराची किंमत काढायला भंडाऱ्याहून मोटारसायकलवर निघालेला सुगत ज्या घरी जाई, त्या घरच्याच माणसाला म्हणे, "जरा हे टोक धरता का?" वय एकतीस. माणसांशी त्याचा जो काही संबंध येई, तो बहुतेक असा, पंधरा मीटरवरून.

यादोरावांनी मात्र टोक असं धरलं, की त्याला दोनदा सांगावं लागलं, "बाबा, आता सोडा."

"सोडतो न जी. घाई काय हाये."

यादोराव शाळेतले रिटायर चपराशी. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि कोंढ्याच्या अलीकडे माळावर जी नवी वसाहत बसली, तिच्यात त्यांना हा प्लॉट मिळाला. त्यावर त्यांनी आणि लीलाबाईंनी तीन खोल्या बांधल्या. लीलाबाई चार वर्षांमागे वारल्या. मुलगा अतुल पुण्याला. त्यानं धंद्यासाठी हे घर गहाण टाकलं होतं. आता घर विकून गहाण सोडवायचं आणि बाबांना पुण्याला न्यायचं, असं ठरलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं, कोंढ्याच्या शाळेतल्या रश्मी मॅडम. त्या घेणार त्याही कर्ज काढूनच, म्हणून त्यांच्या बँकेनं सुगतला धाडलं होतं.

यादोरावांची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. कोंबड्या शेजारच्या मंदाबाईला देऊन झाल्या होत्या. नातू तीन वर्षांचा होता आणि आजोबांना त्यानं आजवर फक्त मोबाईलमध्ये पाहिलं होतं. तेही बहुतेक वेळा आजोबांचं कपाळच दिसे.

सुगत फॉर्म भरत होता. यादोराव शेजारी बसून वाचत होते.

"'इमारतीचं उर्वरित आयुष्य.' हे काय जी?"

"घर अजून किती वर्षं टिकन ते."

"मंग?"

"बेचाळीस लिहितो."

यादोरावांनी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. "अन माहं?"

"तो रकाना नाई फॉर्मात."

"बरं हाये. नाई तं मले बी कोणी लोन देल्लं नसतं."

बेचाळीस लिहिता लिहिता सुगत थांबला, कारण त्याला भेग दिसली. समोरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी छतापर्यंत गेलेली. भेगा सगळ्याच घरांना असतात. प्रश्न एवढाच असतो की भेग चालू आहे की बंद. बंद म्हणजे घर एकदा बसलं, चिरलं, विषय संपला. चालू म्हणजे खालची जमीन अजून हलते आहे. आणि वसाहत होती काळ्या मातीवर. पावसाळ्यात ती फुगते, हिवाळ्यात आकसते, आणि वरचं घर बिचारं तिच्या मर्जीनं उठबस करत राहतं.

यावर जुना उपाय काचेचा. बोटभर रुंदीची पट्टी भेगेवर आडवी चिकटवायची आणि तारीख घालायची. भेग सरकली तर काच तडकते. काच शाबूत तर भेग बंद. सुगतनं वीस सप्टेंबरची तारीख टाकून पट्टी लावली आणि डिसेंबरपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी पाहून जायचं ठरवलं. निघताना म्हणाला, "बाबा, काचीले सांभाळा. फुटली तं पंचाईत होईन."

त्याच्या मनात होतं की पोरंटोरं चेंडू मारतील. पण बोलला एवढंच.

अशीच एक पट्टी भंडाऱ्यात त्याच्या भाड्याच्या खोलीतल्या भेगेवरही होती. दोन वर्षांपूर्वी लावलेली. तिथं दोन वर्षांत काहीच हललं नव्हतं.

पुढचे शनिवार त्याला बरे गेले. पवनीचा रस्ता, दोन्हीकडे धान, मग कापलेलं धान, मग नुसती धसकटं. तो पोचायच्या आधीच चहाचं पाणी चुलीवर असे. काच पाहायला अर्धा मिनिट लागे. काच शाबूत. मग दोन तास बसणं. यादोराव त्याला जुन्या गावातली घरं सांगत. कोणाच्या घरापुढे चिंच, कोणाच्या मागे विहीर. सगळं आता पाण्याखाली असल्यामुळे त्यात सुगतला काही मोजता येत नसे आणि खोटं ठरवता येत नसे. तो ऐकत राही.

"तुमच्या घरी कोन कोन हाये जी?"

"मीच."

"बाकीचे?"

"बाकीचे रकान्यात बसत नाईत."

यादोराव हसले नाहीत. त्यांनी त्याच्या बशीत अजून चहा ओतला.

रश्मी मॅडमचा अशा शनिवारी संध्याकाळी फोन येई. तीच त्या दिवसाची एकमेव चौकशी. "सर, भेग चालू का बंद?" "आतापावतं बंद." "बरं झालं बाई. पोरांची खाट त्याच भिंतीले लावाची हाये माही."

डिसेंबरचा शेवटचा शनिवार आला. सुगतनं ठरवलं होतं की आज फोटो काढायचा, अहवाल लिहायचा आणि पुन्हा इकडे यायचं कारण संपवायचं. तो पट्टीजवळ मोबाईल घेऊन गेला. तारीख स्पष्ट होती, वीस सप्टेंबर. अक्षर सुंदर होतं. इतकं वळणदार, की आपलं अक्षर कधी सुधारलं याचा तो जरा वेळ विचार करत राहिला.

मग त्यानं मोबाईलमधला पहिल्या दिवसाचा फोटो उघडला. त्यातलं अक्षर मुंगी शाईत बुडून काचेवरून गेल्यासारखं होतं. म्हणजे त्याचंच.

"बाबा," तो म्हणाला, "हे काच माही नाई."

यादोराव चूल फुंकत होते. फुंकणं थांबलं.

"नाई," ते म्हणाले. "तुमची फुटली."

"कधी?"

"तुमी लावून गेल्यावर दहाव्या दिवशी. म्या हात बी नाई लावला जी. रातची आपोआप तडकली. आता पाहुण्याची वस्तू आपल्या घरी फुटली, तं भरून देनं आपल्यावरच येते. तुमी सांगून गेलते न, सांभाळा म्हनून. मले मोठी लाज वाटली."

"मंग दुसरी लावली."

"हव. तारीख जशीच्या तशी टाकली. शाळेत तीस वर्षं फळ्यावरचा सुविचार मीच लिवत होतो. गुरुजींचं अक्षर खराब होतं."

सुगत खुर्चीवर बसला. "किती डाव फुटली?"

"तीन डाव." यादोरावांनी अपराध्यासारखी बोटं दाखवली. "पन तुमी यायच्या आंदी म्या हरेक डाव लावून ठेवली. एक डावही तुमाले फुटकी पाहू नाई देल्ली."

सुगतनं भिंतीकडे पाहिलं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींखाली लीलाबाईंचा फोटो होता. नव्वारी पातळ, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर फोटोवाल्याची घाई. त्या फोटोवर काच नव्हती. तीन महिने तो याच खोलीत चहा पीत होता.

"तिच्या काचीतून कापली," यादोराव म्हणाले. "कोंढ्याच्या फ्रेमवाल्यानं पट्ट्या करून देल्ल्या. मोठी होती तिची काच. अजून दोन निघतीन."

चहा उतू गेला, तो कोणी पाहिला नाही.

सुगतच्या हातात आता साधं काम होतं. चौथी पट्टी शाबूत होती. फोटो काढायचा, 'बंद' लिहायचं. यादोराव पुण्याला नातवाजवळ जातील. खोटं काय, ते भिंतीशिवाय कोणाला कळणार नाही. पण भिंत सांगायची राहत नाही, आणि तिला लागून खाट असेल.

"बाबा, काच फुटाचीच असते," त्यानं सांगितलं. "फुटली म्हनजे भेग चालू हाये. त्यासाठीच लावतो आमी."

यादोरावांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दाराशी असलेल्या पेटीकडे पाहिलं.

"मंग पहिल्याच डावी सांगतलं असतं तं..."

"तं पहिल्याच डावी समजलं असतं."

"घर इकल्या जात नाई आता?"

"बँक लोन देनार नाई. पाया मजबूत केल्याबिगर नाई."

"अन तुमी 'बंद' लिवलं तं?"

सुगतनं मोबाईल खिशात टाकला. यादोरावांनी मान हलवली. "नाई. लेकरं झोपतीन तिथं."

तेवढ्यात फोन वाजला. "सर, बंद हाये न?"

"चालू हाये, मॅडम."

"बरं," रश्मी मॅडम म्हणाल्या. "आता माहा फोन येनार नाई मंग. तुमाले तरास देल्ला." आणि ठेवला.

अतुलचा फोन यादोरावांना नंतर आला. पाया दुरुस्त करायला सध्या जमणार नाही, तोवर राहा तिथंच, असं तो म्हणाला. यादोराव "हव, हव" म्हणाले. मग त्यांनी पेटी उघडली, वरची चादर काढली, झटकली, खाटेवर टाकली. खाट त्यांनी त्या भिंतीपासून दूर, दुसऱ्या खोलीत ओढून नेली. तिचं एक टोक सुगतनं धरलं.

अहवाल सोमवारी गेला. 'भेग चालू. उर्वरित आयुष्य: दुरुस्तीअभावी सांगता येत नाही.' मालकांनी विचारलं, एका घराला आठ चकरा कशाला लागल्या. सुगत म्हणाला, टेप धरायला माणूस नव्हता.

पुढच्या शनिवारी कोणतंही काम नसताना तो पुन्हा पवनीच्या रस्त्याला लागला. दारात यादोराव उभे होते. चहाचं पाणी चुलीवर होतं. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

"आता काय राहिलं जी मोजाचं?"

"लीलाबाईंची काच. नवीन कराची हाये. माप पाहिजे."

त्यानं फोटो उतरवून खाटेवर ठेवला आणि खिशातून टेप काढला. फ्रेम जेमतेम हातभर होती. कोणीही एकट्यानं मोजली असती.

"हे टोक धरता का जरा?" सुगत म्हणाला.

यादोरावांनी हात धोतराला पुसले आणि टोक धरलं.