ब्रँडव्होल्डला विकून टाका

नॉर्बर्ट झिल्के रोज सकाळी सात चाळीसला रेडिओवर फोन करायचा आणि आपल्याच बेसबॉल संघाचा कॅचर विकून टाका म्हणून सांगायचा. एप्रिलपासून त्याने हा धोशा लावला होता. जुलै संपत आला तरी त्याचा आवाज बसला नव्हता आणि संघाने कॅचरही विकला नव्हता. कार्यक्रम चालवणारा डेक्स त्याला हल्ली "आमचे मानद महाव्यवस्थापक" म्हणून हाक मारायचा. त्यातला टोमणा नॉर्बर्टपर्यंत कधी पोचला नाही. त्याने ते पद स्वीकारून टाकलं होतं.

संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. तळ्याकाठच्या या शहराला शोभेल म्हणून कुणीतरी ठेवलेलं. नॉर्बर्टच्या मते नाव चुकून बरोबर पडलं होतं, कारण मालकापासून मॅनेजरपर्यंत सगळे एका पायावर उभे राहून मासा आपणहून चोचीत येण्याची वाट बघत होते. संघ शेवटून दुसरा होता. आणि फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा कॅचर ब्रँडव्होल्ड सदतीस वर्षांचा होता. त्याचे गुडघे गेले होते. त्याने दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू वाटेत दोनदा टेकून, चौकशी करत पोचायचा. पण बॅटीतून महिन्याकाठी तीन-चार होम रन, मैदानापार जाणारे फटके, अजून निघत होते, आणि नॉर्बर्टचं म्हणणं नेमकं हेच होतं, की दुकानात गिऱ्हाईक उभं आहे तोवर माल काढा.

हे ज्ञान त्याला बॉयलरने दिलं होतं. शाळांचे बॉयलर दुरुस्त करण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. जुना बॉयलर सप्टेंबरात काढायचा, जानेवारीत फुटल्यावर नाही, हे त्याने तीन शिक्षणाधिकाऱ्यांना समजावलं होतं आणि तिघांनीही ऐकलं नव्हतं. आता तेच तो हेरन्सला समजावत होता. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारावर त्याने सव्वीसच्या सव्वीस खेळाडूंच्या चिठ्ठ्या लोहचुंबकांनी लावल्या होत्या. कुणाला ठेवायचं, कुणाला खालच्या लीगमध्ये धाडायचं, कुणाच्या बदल्यात टेक्सासकडून दोन डावखुरे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, मागायचे, हे तिथे दिवसातून चारदा ठरायचं. त्याची बायको बर्निस सामानाची यादीही त्याच दारावर लावायची. एकदा तिची 'दूध, अंडी' लिहिलेली चिठ्ठी राखीव पिचरांत दोन दिवस राहिली. बर्निस म्हणाली की बाकीच्यांपेक्षा तीच बरी फेकेल.

या सगळ्या योजना ऐकून घेणारा जगात एकच माणूस होता, ॲल्विन प्रुइट. एकाहत्तर वर्षांचा, पोस्टातून निवृत्त, नॉर्बर्टहून दहा वर्षांनी मोठा. स्टेडियममध्ये त्यांच्या हंगामी तिकिटाच्या खुर्च्या शेजारी-शेजारी आल्या तो निव्वळ तिकीट खिडकीचा योगायोग, पण त्यालाही बावीस वर्षं झाली होती. ॲल्विन कमी बोलायचा. नॉर्बर्टचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेंगदाणे सोलत राहायचा आणि चार शेंगांमागे एक वाक्य बोलायचा. ते एक वाक्य नॉर्बर्टला घरी जाईपर्यंत पुरायचं.

आणि या ॲल्विनलाच ॲरिझोनाचं बोलावणं आलं होतं. त्याची मुलगी डेनिस फिनिक्सला राहायची. जूनमध्ये तिने बापाला कळवलं की खालच्या मजल्यावरची खोली रिकामी होतेय, या, कायमचे राहायला या. जुलैअखेर सांगा, नाहीतर भाडेकरू ठेवते. ॲल्विनचा डावा गुडघा ब्रँडव्होल्डपेक्षा वाईट होता. आपल्या खुर्चीपर्यंत उतरायच्या एकोणचाळीस पायऱ्या तो कठडा धरून, मध्ये एकदा थांबून उतरायचा. मागच्या हिवाळ्यात घरासमोरचा बर्फ ओढताना पडला आणि अर्धा तास तिथेच बसून राहिला होता. हे त्याने नॉर्बर्टला मार्चमध्ये सांगितलं होतं, तेही चेंडू टाकणं सुरू असताना.

नॉर्बर्टला तो जायला नको होता. रात्री झोप लागेना इतका नको होता. पण हे तोंडावर म्हणायची त्याची छाती होईना. मग तो ॲरिझोनाच्या नावाने खडे फोडत बसे. तिथे ऊन म्हणजे ऊन नाही, शिक्षा आहे. बुटांत विंचू निघतात. आपल्या संध्याकाळच्या सामन्याला तिथे दुपारचे चार वाजलेले असतात, जेवण पोटात असताना काय सामना बघायचा? ॲल्विन ऐकून घ्यायचा. एकदा मात्र शेंग फोडता फोडता म्हणाला, "सकाळी ऐकलं मी रेडिओवर तुला. म्हातारं झालं की भावनेत न अडकता काढून टाकायचं म्हणालास."

"ते मी ब्रँडव्होल्डबद्दल म्हणालो."

"गुडघे गेलेत, पायऱ्या चढवत नाहीत, अजून थोडी किंमत आहे. मला वाटलं माझीच जाहिरात देतोयस."

नॉर्बर्टने विषय बदलून डावखुऱ्या पिचरांवर नेला. दुसऱ्या दिवशी सात चाळीसला त्याने फोन हातात घेतला, ठेवला, आणि परत घेतला. सवय ती सवय. ब्रँडव्होल्डला विका, तो म्हणाला, पण जरा खालच्या आवाजात.

एकतीस जुलैला चार वाजता सामना होता. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संध्याकाळी सहाला संपायची. त्यानंतर जो जिथे आहे तो हंगामभर तिथेच. ही तारीख म्हणजे त्या शहराचा निकालाचा दिवस. मैदानाकडे कमी आणि हातातल्या फोनकडे जास्त बघायची लोकांची रीत. नॉर्बर्टने तर कानात छोटा रेडिओ घातला होता, खिशात फोन ठेवला होता आणि गुडघ्यावर आपली शेवटची योजना कागदावर लिहून घेतली होती, न जाणो कुणी विचारलं तर. ॲल्विन आल्यापासूनच गप्प होता. तो नेहमीच गप्प असल्यामुळे नॉर्बर्टला ते कळलं नाही. डेनिसला काय कळवलंस, हे विचारायचं नॉर्बर्टने तीनदा मनात आणलं आणि तिन्ही वेळा हॉट डॉगला आणखी मोहरी लावली.

पाचव्या डावाच्या मध्यावर ती गोष्ट घडली.

ब्रँडव्होल्ड डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकाठच्या त्या खोलगट बाकड्यांच्या जागेत, उतरला. कुणीतरी आतून येऊन त्याच्या कानाला लागलं. त्याने छातीवरचं चिलखत उतरवलं, आणि मॅनेजरने त्याला मिठी मारली. मग पहिल्या बेसवाल्याने मारली. मग रांगच लागली.

मुदतीच्या दिवशी या खेळात मिठीचा एकच अर्थ असतो. सौदा जाहीर व्हायच्या आधी खेळाडूला आत कळतं, सोबती निरोप घेतात, आणि लोक तेवढ्यावरून ओळखतात. एकतीस जुलैला कुणी कुणाला कवेत घेतलं की प्रेक्षक त्याचं सामान बांधून मोकळे होतात. मागच्या वर्षी एका पिचरला ठसका लागला, शेजाऱ्याने पाठीवरून हात फिरवला, तर अर्ध्या शहराने त्याला शिकागोला पोचवून परत आणला होता.

बघता बघता वीस हजार माणसं उभी राहिली. टाळ्या थांबेनात. ब्रँडव्होल्ड पायरीवर आला, त्याने गोंधळून सगळीकडे बघितलं आणि टोपी हलवून तो आत पळाला.

चार महिने ज्याची वाट बघितली ते डोळ्यांसमोर झालं होतं. नॉर्बर्टने खरं तर पेढे वाटायला हवे होते. तो उभा होता, टोपी हातात, आणि त्याचे डोळे वाहत होते.

"कुणाला दिला? कशाच्या बदल्यात दिला?" तो कठड्यावरून वाकून डगआउटच्या छपराला विचारत होता. "अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही? गेल्या मंगळवारी दोन होम रन मारले त्याने! गुडघे काय, गुडघे सगळ्यांचेच जातात!"

मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, रोज सकाळी फोन करतो तो नॉर्बर्ट तुम्हीच ना?

"ते मी सकाळी बोललो होतो," नॉर्बर्ट म्हणाला.

ॲल्विनने त्याला कोपराला धरून खाली बसवलं. पुढचा अर्धा तास फोनवर काही येईना. रेडिओवर डेक्सही हात वर करून बसला होता, कुठल्याच संघाने ब्रँडव्होल्ड घेतल्याचं कबूल केलं नव्हतं. नॉर्बर्ट प्रत्येक चेंडूला बदली कॅचरला शिव्या घालत होता. हा पोरगा आपल्याच योजनेच्या कागदावर पहिल्या नंबरला आहे हे तो साफ विसरला होता. मग सहाव्या डावात मोठ्या फलकावर अक्षरं उजळली. ब्रँडव्होल्ड कुटुंबाला कन्यारत्न झालं होतं, तीन आठवडे आधीच. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाप इस्पितळात पोचला.

वीस हजार माणसांनी एका बापाला बाळंतपणाच्या वेळी रडून निरोप दिला होता. आधी कुणालाच काय करावं सुचेना, मग अख्खं स्टेडियम हसायला लागलं. सहा वाजले. मुदत संपली. ब्रँडव्होल्ड हेरन्सचाच राहिला. नॉर्बर्टने डोळे पुसले, कागदावरची योजना चुरगाळली आणि उभं राहून जाहीर केलं की संघाने अत्यंत शहाणपणाचा निर्णय घेतला आहे. अनुभवी माणूस असा कुणाला फुंकून टाकता येत नाही, हे आपण कधीपासून सांगत होतो.

ॲल्विन कठड्याला धरून उठला. पॅंटवरची टरफलं झटकली, आणि त्याने नॉर्बर्टला मिठी मारली.

बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एकदा हेरन्स प्ले-ऑफला पोचले होते तेव्हाही या दोघांनी फक्त हात मिळवले होते. "अरे, एवढं काय," नॉर्बर्ट त्याच्या पाठीवर थोपटत हसला. "राहिला ना तो."

ॲल्विनने सोडलं नाही. मग नॉर्बर्टला तारीख आठवली.

"कधी ठरलं?" त्याने ॲल्विनच्या खांद्यातच विचारलं.

"सकाळी केला डेनिसला फोन. तू रेडिओवर होतास."

"बदल्यात काय मिळालं?"

"एकही पायरी नसलेली खोली," ॲल्विन म्हणाला. "आणि एक खेळाडू, नाव नंतर कळवणार आहेत."

अदलाबदलीच्या बातम्यांत हे वाक्य हमखास असतं. हिशोब जुळला नाही की उरलेल्या खेळाडूचं नाव मागाहून सांगायचं ठरतं. एरवी नॉर्बर्ट यावर पोट धरून हसला असता. आता त्याने ऊन काढलं, विंचू काढले, चार वाजता लागणारे सामने काढले. ॲल्विनने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. हे सगळं त्याला पाठ होतं.

शेवटी नॉर्बर्टने नियम काढला. या खेळात दहा वर्षं काढलेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात घालवलेल्या खेळाडूला त्याच्या होकाराशिवाय कुठेच पाठवता येत नाही. या नियमामुळे संघ बुडतात असं नॉर्बर्टने रेडिओवर किमान पंधरा वेळा सांगितलं असेल.

"बावीस वर्षं झाली तुला इथे," तो म्हणाला. आजूबाजूचे ऐकताहेत याची त्याला पर्वा नव्हती. "दहा अन् पाच कधीच पार केलेस तू. तू नाही म्हणू शकतोस, ॲल्विन. कुणी हात लावू शकत नाही तुला. नाही म्हण. मला तू जायला नको आहेस."

ॲल्विनने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचेही डोळे भरले होते.

"माहीत आहे रे," तो म्हणाला. "तिनेही विचारलं, बाबा, नक्की ना? तीनदा विचारलं. मीच हो म्हटलं."

नॉर्बर्टने मघाशी चुरगाळलेला योजनेचा कागद परत उलगडून बघितला. तो तसाच उभा राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, अहो काका, दिसत नाहीये, बसा. तेव्हा त्याने आधी ॲल्विनचा दंड धरून त्याला जपून खुर्चीत टेकवलं आणि मग स्वतः बसला.

"अजून तीन डाव आहेत," तो म्हणाला. "मध्येच उठलास तर बघ."