लिफ्ट, टर्न, वॉश आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पेशंट आहे. हसू नका. मी माणसाएवढी उंच बाहुली आहे आणि आजारी पडणं हेच माझं काम आहे. इस्पितळात मदतनीस व्हायला आलेल्या बायका माझ्यावर शिकतात.

एका शिंप्याने जुन्या चादरी शिवून मला घडवलं. अंगात कापूस भरला, पण हातापायांत वाळूच्या पिशव्या घातल्या, कारण खरं माणूस उचलताना जड लागतं. चेहऱ्यावर दोऱ्याने डोळे भरताना एक जरा वर सरकला, त्यामुळे मी कायम कसल्यातरी विचारात दिसते.

आमच्याकडे डॉक्टर आणि सिस्टर कामं इंग्रजीतून सांगतात. म्हणून शिकवणाऱ्या ताई आधी कामाचे शब्दच शिकवतात. "रंग आणि फळं मागाहून. आधी हात हलले पाहिजेत," असं त्या म्हणतात. लिफ्ट म्हटलं की मला उचलायचं. टर्न म्हटलं की कुशीवर वळवायचं. वॉश म्हणजे अंग धुवायचं, ड्राय म्हणजे कोरडं करायचं, कव्हर म्हणजे पांघरूण घालायचं.

एका वर्षी वर्गात धुलाईघरातली मावशी आली. तिथली वाफ तिच्या छातीला सोसत नव्हती. परीक्षा पास झाली तरच तिला वॉर्डात काम मिळणार होतं.

ती माझ्याशी बोलायची. "वळ गं बयो, जरा कंबर हलव."

बाकीच्या खिदळायच्या. "अगं, ती बोलायला लागली तर पळत सुटशील!"

"बोलू दे की. घरी तरी मला उत्तर कोण देतंय?"

मावशीने पाचही शब्द एका चालीत पाठ केले. लिफ्ट, टर्न, वॉश, ड्राय, कव्हर. म्हणता म्हणता तिचे हात सरसर चालायचे. ताई खूश, मीही खूश.

परीक्षेला मोठ्या सिस्टर आल्या. त्या म्हणाल्या, "कव्हर." मावशीने मला उचललं. त्या म्हणाल्या, "ड्राय." मावशीने मला कुशीवर वळवलं. चाल सुरू झाली होती आणि हात तिच्यामागे धावत होते.

"नाही जमलं," सिस्टर म्हणाल्या. "सोमवारी पुन्हा बघू. पण तेव्हा शेवटचं हं."

सगळ्या गेल्यावर मावशी माझ्या उशाशी बसली. "शब्द येतात गं मला. माळेत येतात, सुटे येत नाहीत."

ताईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून नवाच नियम आला. दारावरून जो जाईल त्याने एक शब्द टाकायचा आणि मावशीने तेवढंच करायचं. स्वयंपाकीकाका भांडं घेऊन जाता जाता ओरडले, "ड्राय!"

"अहो, अजून भिजवलीय कुठे हिला?"

"मग कोरडीच पूस!"

मित्रांनो, त्या आठवड्यात मला किती वेळा उचललं, वळवलं आणि झाकलं म्हणून सांगू! माझा खांदा उसवला. मावशीने तो मांडीवर घेऊन शिवला, अगदी बाळाचं झबलं शिवावं तसा. आणि शिवून झाल्यावर हळूच म्हणाली, "टर्न हं, बयो." तो शब्द आता तिचा झाला होता.

सोमवारी सिस्टर म्हणाल्या, "टर्न." तिने मला वळवलं. "कव्हर." तिने पांघरूण घातलं. "वॉश."

मावशी थांबली. विसरली की काय?

"सिस्टर, सगळं पांघरूण काढलं तर गारठेल ती," मावशी म्हणाली. "एकेक हात बाहेर घेऊन वॉश करते." आणि तिने माझा उजवा हात तेवढाच बाहेर काढून धुतला.

सिस्टरनी कागदावर खूण केली. मग म्हणाल्या, "उद्यापासून वॉर्डात ये."

माझा ओला हात मावशीने बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, तुम्हीही असे शब्द शिकत असाल. ते नुसते घोकू नका. जंप म्हणाल तेव्हा उडी मारा. घरचे ओरडले तर सांगा, अभ्यास चाललाय! आणि ज्या वस्तूंवर तुम्ही शिकता, त्यांना काम झाल्यावर कोपऱ्यात भिरकावू नका. कुठे उसवलं तर दोन टाके घाला. तुमच्यामागून कुणीतरी येतंय, घाबरत घाबरत पहिला शब्द हातात धरायला. त्यांच्यासाठी आम्हाला नीट ठेवा.