नवव्या गोलाची फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. लांबीला चार हात, मधोमध लोखंडी दांडा, बुडाला गोणपाट. भाताच्या बांधीत चिखल सारखा करायला फळी फिरवतात ती तुम्ही पाहिली असेल. मी तिचीच बहीण, पण माझं शेत वेगळं. बपेरा गावाजवळ खाणीच्या साहेबांनी फार वर्षांपूर्वी गोल्फचं मैदान आखलं, तिथे मी राबले. आणि आज मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मित्रांनो, इथल्या उन्हात हिरवळ टिकत नाही. म्हणून चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती बावनथडी नदीच्या रेतीचे गोल केले. असे नऊ गोल. रेती उडू नये म्हणून तिच्यात जळकं ऑइल कालवलं. या रेतीवर पाऊल पडलं की ठसा उमटतो आणि पुढच्याचा चेंडू भलतीकडेच वळतो. म्हणून इथला रिवाज असा, की साहेब असो नाहीतर मजूर, खेळून झालं की आपली पावलं पुसूनच जायचं. भोकापासून सुरुवात करून मला गोल गोल फिरवत बाहेर आणायचं. रोज सकाळी मात्र नऊच्या नऊ गोल रुखमिणीबाई सारखे करायची. तीस वर्षं केले. तिचा हात फिरला की खेळणारे खूश होऊन आधी तिला राम राम करत, मग काठी उचलत.

गेल्या हिवाळ्यात जबलपूरहून चंद्रकुमार मास्तरांचं पत्र आलं. नोकरीतून मोकळे झाल्यापासून ते गावोगावची जुनी, कुणाला माहीत नसलेली मैदानं शोधून तिथे खेळत. 'तुमच्या रेतीवर एकदा खेळायचं आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र सगळ्यांनी वाचलं. मैदानाच्या समितीचे अध्यक्ष भोजराज यांनी तर दोनदा वाचलं, आणि तरीही!

"पाहुण्याले हे काळी रेती दाखवाची काय? हासतीन ना लोकं!" भोजराज म्हणाले.

"पण साहेब, तो रेतीसाठीच येऊन राहिला ना," रुखमिणीबाई म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

झालं. आठ गोलांवर सिमेंट ओतलं आणि वर हिरवा प्लास्टिकचा गालिचा चिकटवला. नवव्यापाशी गालिचा कमी पडला, म्हणून तेवढा वाचला. मला छपरीमागे फेकलं. ज्या फळीनं यांची पावलं जन्मभर पुसली, तिला वाळवीच्या तोंडी देताना यांना काहीच कसं वाटलं नाही?

मास्तर आले. त्यांनी वाकून गालिच्याला हात लावला.

"रेती कुठे आहे?"

"झाकली ना, मास्तर! आता कसं चकाचक झालं," भोजराज फुशारकीनं म्हणाले.

"अहो, असला गालिचा माझ्या घराशेजारी आहे. मी एवढ्या लांबून रेतीसाठी आलो."

भोजराजांचं तोंड उतरलं. त्यांनी घाईघाईनं गालिच्याचं एक टोक उचकटलं. खाली नुसतं सिमेंट.

तेव्हा रुखमिणीबाईनं मला छपरीमागून ओढून काढलं, पदरानं पुसलं आणि मास्तरांना नवव्या गोलाकडे नेलं. मास्तर तिथे खेळले. मग त्यांनी माझा दांडा स्वतःच्या हातात घेतला आणि आपली पावलं पुसली. मला भरून आलं. निघताना ते भोजराजांना म्हणाले, "आठ गोल गेले. निदान ही फळी तरी जपा."

आणि यांनी मला जपलं! माझं गोणपाट सोडलं, अंगाला पॉलिश फासलं आणि मला काचेच्या पेटीत घालून समितीच्या हॉलच्या भिंतीवर टांगलं. खाली पाटी लावली: 'ऐतिहासिक वारसा. हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमिणीबाई मला न्यायला आली, तर भोजराजांनी तिला पाटी दाखवली.

"मंग गोल कायनं पुसू, साहेब?" तिनं विचारलं.

मित्रांनो, मला खिडकीतून नववा गोल दिसतो. खेळणाऱ्यांची, बकऱ्यांची पावलं तिथे एकावर एक पडली आहेत. रुखमिणीबाई नुसतं गोणपाट हातानं ओढते, पण वजनाशिवाय रेती बसत नाही. माझं कौतुक करायला येऊ नका. हार तर मुळीच आणू नका. जुनी वस्तू कामात असते तोवरच जिवंत असते, एवढं समजलं असेल तर मला खाली उतरवा आणि रुखमिणीबाईच्या हाती द्या. पेटीची किल्ली भोजराजांच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.