टॅन्सीचा रोख

वेंडेलला त्या दिवशी साहेबावर छाप पाडायची होती. एवढी एक गोष्ट डोक्यात घेऊन माणूस रानात शिकारीला गेला की काय होतं, ते ऐका.

रान त्याच्या सासऱ्याचं. दक्षिण जॉर्जियातलं, पाइनच्या झाडांचं, मधेमधे भुईमुगाची शेतं, आणि बांधाबांधाला काटेरी जाळ्या. लावा पक्ष्यांना आणखी काय पाहिजे? साहेब म्हणजे क्लेबर्न, लाकडाच्या वखारीचा मालक. तो स्वतःचा तरणाबांड कुत्रा घेऊन आला होता, कर्नल नावाचा. खेचरांच्या गाडीवर लगाम धरून वेंडेलची बायको इमोजीन बसली होती आणि तिच्या शेजारी तिचे वडील, मिस्टर हॉलिस. जावईसुद्धा त्यांना मिस्टर हॉलिसच म्हणायचा, तिकडची रीतच तशी.

म्हाताऱ्याची नजर गेल्या उन्हाळ्यात पार गेली होती. त्याची कुत्री टॅन्सी, तिचंही तोंड पांढरं झालं होतं.

"टॅन्सीच्या रोखावर एक थवा उठलेला ऐकू दे मला," निघताना म्हातारा म्हणाला होता. "पुढच्या साली ती तरी नसेल, नाहीतर मी तरी. दिसत नाही, पण पंख ऐकू येतात."

"तिनं रोख धरला की मी हाक देतो, मिस्टर हॉलिस. तुमचे डोळे मी," वेंडेल म्हणाला होता. आणि तेव्हा तो खरंच मनापासून बोलला होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

कुत्र्याला लाव्यांचा वास लागला की ते जागच्या जागी थिजतं, नाक वाऱ्यावर, एक पाय उचललेला. हा रोख. तो दिसला की माणसानं टोपी उंच करायची आणि हाक द्यायची. मागून येणारं दुसरं कुत्रं पुढे घुसत नाही, तेही मागच्या मागे उभं राहून पहिल्याला मान देतं.

सकाळी टॅन्सीनं बांधाशी रोख धरला. वेंडेलनं टोपी उंच केली, ऐटीत हाक दिली, साहेबाला पुढे केलं, स्वतः जाळी तुडवली. काही नाही. ती थोडी पुढे सरकली, परत थिजली. परत हाक, परत तुडवातुडवी. चिमणीसुद्धा उडाली नाही.

"उडत नाहीत, पायानं पळतायत ते," गाडीतून म्हातारा म्हणाला. "तिच्या डोक्यावर हलकेच हात ठेव, म्हणजे ती हळूहळू माग काढेल. घाई नको, पोरा."

क्लेबर्न हसत होता. "काय हो वेंडेल, तुमची म्हातारी ढेकळांवर रोख धरते वाटतं? शिजवायची का ढेकळं?"

थट्टाच होती ती, मनात काही नव्हतं. पण वेंडेलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सोमवारी वखारीत हीच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी असणार, असं त्याला वाटलं. त्याला कुत्रीची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सासऱ्याचीही.

साहेब चिरूट पेटवायला पाइनच्या आडोशाला थांबला, बंदूक उघडून काखेत घेतली. तेवढ्यात खेचरांच्या पुढ्यातल्या काटेरी जाळीशी टॅन्सी तिसऱ्यांदा थिजली. पाय उचललेला, शेपटी ताठ. कर्नल धावत आला आणि तिच्या मागे खिळल्यासारखा उभा राहिला.

"गाडी का थांबली?" म्हाताऱ्यानं मान वर केली. "धरला का रोख?"

वेंडेलनं बघितलं. आता हाक दिली आणि जाळी रिकामी निघाली तर? त्याच्या जिवावर आलं.

"नाही, मिस्टर हॉलिस," तो म्हणाला. "लघवीला बसलीय."

इमोजीननं नवऱ्याकडे बघितलं.

तो जाळीशी गेला. टॅन्सीला पट्ट्यानं मागे ओढलं, ती हलेना. तेव्हा टोपी काढून तिच्या नाकावर सपकन मारली. ती केकाटली नाही, फक्त डोळे मिटले तिनं. मग तिला उचलून गाडीमागच्या पिंजऱ्यात कोंबली आणि म्हणाला, "चल, इमोजीन."

इमोजीननं लगाम सोडला. खेचरांनी चार पावलं टाकली असतील नसतील, आणि त्यांच्या पायांखालून आख्खा थवा फडफडत उठला. चहूकडे पंखच पंख. खेचरं मागे सरली, वेंडेलची बंदूक खांद्यावरच राहिली.

म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला की काय सांगावं. पंखांचा आवाज पाइनमध्ये विरेपर्यंत तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "कुणाच्या रोखावर?"

साहेब चिरूट झटकत आला, बिचाऱ्याला काय ठाऊक.

"अहो, काय माणूस आहात तुम्ही! म्हातारी कशी देखणी उभी होती. माझा हा उनाड कर्नल, त्यानंसुद्धा मागे राहून मान दिला तिला. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबलाय. ओढून का नेलीत?"

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू विझला. जावयाकडे त्यानं तोंडसुद्धा वळवलं नाही. वेंडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थवा फुटलाय," तो घाईघाईनं म्हणाला. "एकेकटे बसलेत पाइनमध्ये. ते पळत नाहीत. टॅन्सी काढेल त्यांना. मी हाक देतो, मिस्टर हॉलिस."

त्यानं पिंजरा उघडला. टॅन्सी उतरली, गवतात शिरली. झाडाच्या बुंध्याशी तिची शेपटी ताठ झाली, पाय उचलला गेला. वेंडेलनं तोंड उघडलं, पण टॅन्सीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पाय खाली ठेवला. शेपटी पाडली आणि त्या बुंध्याला वळसा घालून, तिथे काही नाहीच अशी, गाडीच्या चाकामागे येऊन बसली. वेंडेल बुंध्याशी गेला. त्याच्या बुटाशेजारून एकटा लावा भर्रकन उडाला.

"हा तरी तिचा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

वेंडेलला खोटं बोलता आलं असतं. इमोजीन त्याच्याकडेच बघत होती.

"रोख धरला होता," तो म्हणाला. "माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिला."

आयुष्यभर कुत्री शिकवलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

"मारलंस तिला."

"हो."

"माझ्याकडे दे."

इमोजीन खाली उतरली, टॅन्सीला उचलून वडलांच्या मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्यानं तिचं तोंड चाचपलं, कानामागे खाजवलं. वेंडेल चाकाशी येऊन उभा राहिला. माफी मागायची होती. शेवटी त्यानं टोपी काढली.

टॅन्सी अंग चोरून म्हाताऱ्याच्या कोटात घुसली. हातांखाली ती थरथरायला लागली तसा म्हातारा विचारू लागला, "काय झालं? काय केलंस आता?"

"टोपी काढली, मिस्टर हॉलिस."

"घाल परत," म्हातारा म्हणाला.